गप्प, गप्पा आणि कान



'गप्पा' या विषयावर व्याख्यान द्या, असे चालकांनी आम्हांला सांगितले, तेव्हा त्यांच्या विनोदबुद्धीचे आम्हांला कौतुक वाटले. व्याख्यान आणि गप्पा यांचे नाते जुन्या काळच्या सासूसुनांसारखे आहे. राहावयाचे एका घरात, पण एकीने तोंड उघडले की दुसरीने मिटावयाचे. व्याख्यानात एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, किंवा ऐकत असल्यासारखे दिसतात. बोलणाऱ्यापुढे पाण्याचा पेला असतो, ऐकणाऱ्यापुढे घड्याळ असते. गप्पांत पाण्याच्या जागी चहा येतो, आणि घड्याळाकडे पाहणाऱ्याला लोक विचारतात, "काय, घरून परवानगी काढून आलात वाटतं?"

तरीही चालकांचे बरोबर आहे असे विचारांती आम्हांला वाटले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शाळा-कॉलेजांना सुटी, घरात उकाडा, अशा दिवसांत लोकांनी संध्याकाळी मोकळ्या हवेत जमावे आणि चार विचार ऐकावेत, ही कल्पना महाराष्ट्राला इतकी मानवली की पुढे गावोगाव अशा माला निघाल्या. पण या मालांचे अर्धे काम व्याख्यान संपल्यावर होते, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. आभारप्रदर्शन होते, लोक चपला शोधू लागतात, आणि कोणीतरी म्हणतो, "वक्त्याचं ते शेवटचं म्हणणं काही पटलं नाही बुवा." दुसरा त्याला अडवतो, तिसरा दोघांनाही अडवतो, आणि फाटकापाशी मंडळी अर्धा तास हलत नाहीत. वक्ता पेरून जातो. उगवते ते फाटकापाशी. तेव्हा ज्या फाटकावर व्याख्यानमाला जगतात त्याच्याविषयी एक व्याख्यान असावे, हे न्यायाचेच झाले.

प्रथम शब्दाकडे पाहू. फारसीत 'गप' म्हणजे बोलणे. आपल्या मराठीत 'गप्पा' म्हणजे मनमोकळे, सैल, लांबलेले बोलणे, आणि 'गप्प' म्हणजे अजिबात न बोलणे. दोन शब्दांत फरक एका कान्याचा. त्यांचे गोत्र एक की वेगळे याचा निवाडा व्युत्पत्तिशास्त्र्यांनी खुशाल करावा. आमचे लक्ष त्या कान्यावर आहे. 'गप्प'ला काना लागला की 'गप्पा' होतात, हे व्याकरणात जितके खरे तितकेच व्यवहारात. गप्प बसलेल्या माणसाला कोणाचा तरी कान मिळाला की तो गप्पा मारू लागतो. आज आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच. गप्पांना तोंड लागते असे आपण समजतो, पण गप्पा चालतात त्या कानावर. बोलणारी तोंडे आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक झाली आहेत. कानांचे काय झाले, याचा हिशेब मांडावयाचा आहे.

हिशेब आमच्याच गावापासून मांडू. आम्ही मांजरीचे. शहरातल्या माणसाला हे नाव सांगितले की तो आधी आमच्या मिशांकडे पाहतो. हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेच्या दोन काठांवर दोन मांजऱ्या आहेत, एक बुद्रुक आणि दुसरी खुर्द. म्हणजे एक थोरली आणि एक धाकटी. गाव बागायती. जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचे, गोल, काटेरी देठाचे 'मांजरी गोटा' वांगे आपल्यापैकी अनेकांनी खाल्ले असेल, ते आमचे. १९७५ साली स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा पाटलांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ऊस आणि साखरेची संशोधन संस्था आमच्याकडे आहे. १९९७ पासून द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आमच्याकडेच आहे. म्हणजे भाजी, साखर आणि द्राक्ष या तिन्हींचे शास्त्र गावात नांदते. द्राक्षाच्या पुढल्या अवस्थांविषयी या व्यासपीठावरून बोलणे बरे नव्हे.

२०२१ च्या जूनअखेर मांजरी बुद्रुक आणखी बावीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत गेले. त्याआधी आम्ही "जरा पुण्याला जाऊन येतो" असे म्हणत होतो. अजूनही तसेच म्हणतो. कराचे बिल हाती पडले म्हणजे आपण पुण्यातच आहोत हे ध्यानात येते.

या मांजरीत संध्याकाळी आमची बैठक असते. जागा म्हणजे चहाच्या टपरीशेजारचा सिमेंटचा कट्टा. सभासद म्हणाल तर पंच्याऐंशी ओलांडलेले मास्तर, रेल्वेत गार्ड होते ते गार्डसाहेब, वांगी आणि ऊस लावणारे अण्णा, आणि आम्ही. बैठकीला अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, आणि गणसंख्येची अट तर मुळीच नाही. तिथला एक नमुना सांगतो. त्यात मुद्दा काय, असे मात्र कोणी विचारू नये.

मास्तरांनी विचारले, "अण्णा, वांग्याला काय भाव लागला?"

"भाव कसला मास्तर, हमाली सुटली म्हणायची."

"पण दुकानात तर केवढं महाग."

"वांगं शेतात असतं तवर वांगंच असतं. बाजारात गेलं की त्याला पंख फुटतात. मग ते पुष्पक विमान."

"विमानावरून आठवलं," गार्डसाहेब म्हणाले. "सत्याऐंशी साली टीव्हीवर रामायण लागलं, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी माणूस खोलीत मावत नव्हतं. खिडकीला लटकलेली पोरं वेगळी. रावणाचं विमान उडालं, अन् अण्णांच्या वडिलांनी भर बैठकीत विचारलं, ह्याला डिझेल किती लागत असंल?"

"मग इचारणारच की. आदल्या दिवशी इंजिनाला डिझेल मिळालं नव्हतं त्यांना. आमचा म्हातारा काहीही बघाया बसला तरी शेतीच बघायचा. 'सांगत्ये ऐका' बघून आला. आईनं इचारलं, कसा हुता शिणेमा? तर म्हणाला, बैलं झकास हुती."

"'सांगत्ये ऐका' एकोणसाठ सालचा," मास्तर सावरून बसले. "पुण्यात विजयानंदला एकशे एकतीस आठवडे चालला."

"त्यातले धा-बारा आठवडे तुमच्याच तिकिटांवर."

"आम्ही तो वाङ्मयीन अंगाने पाहत होतो."

"वाङ्मयीन अंग म्हणजे पहिल्या रांगेतलं, का बाल्कनीतलं?" गार्डसाहेबांनी विचारले.

या प्रश्नावर टपरीला टेकून चहा पीत असलेला एक तिशीचा तरुण मोठ्याने हसला. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, पाठीवर पिशवी. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले आणि शतकानुशतके गावाच्या पारावरून विचारला गेलेला प्रश्न विचारला.

"पाव्हणं, कुठलं गाव?"

"औशाकडचा. लातूर जिल्हा."

"मग यंदा तुरीचं काय?"

"वडील बघतात शेत. फोनवर तर बरी आहे म्हणतात. बरी आहे असंच म्हणतात नेहमी."

"मग बसा की. उभ्यानं घेतलेला चहा अंगी लागत नाही."

तो बसला. चहा संपवून तो म्हणाला, "दोन वर्षं झाली इथं राहून. गाव कुठलं ते पहिल्यांदाच विचारलं कुणी."

क्षणभर कट्ट्यावर कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, "आता इचारलंय तर सांगा. तुमच्याकडचं वांगं आमच्या गोट्यापुढं टिकतं का?" तो म्हणाला, "भरल्या वांग्याला तुमचं चालेल, भरताला आमच्याकडचंच." त्या दिवशी जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, आणि तो तरुण आता बैठकीचा सभासद आहे.

वांग्याच्या भावापासून पुष्पक विमान, विमानातून डिझेल, तिथून बैल, बैलांवरून औसा. अर्ध्या तासात ठराव एकही नाही. एखाद्या कचेरीत हा वृत्तांत दिला तर साहेब विचारील की यातून निष्पन्न काय झाले. निष्पन्न झाला एक माणूस. दोन वर्षे तो गावात राहत होता. त्या संध्याकाळी तो गावचा झाला.

यात आम्ही काही नवे सांगत नाही. मॅलिनॉव्स्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आले होते. १९२३ साली एका निबंधात त्यांनी दाखवले की माणसे पुष्कळदा काही कळवण्याकरिता बोलतच नाहीत. जवळ असल्याची खूण पटवण्याकरिता बोलतात. त्याला त्यांनी शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे नाव नव्हते, पण वस्तू भरपूर होती. हातात पिशवी घेऊन बाजाराकडे निघालेल्या माणसाला आपण "काय, बाजाराला का?" असे विचारतो. तो "हो" म्हणतो आणि पुढे जातो. या संभाषणात ज्ञानाची भर शून्य. पण हा प्रश्न शेजाऱ्याने आठ दिवस विचारला नाही, तर घरी जाऊन आपण म्हणतो, "त्यांचं काहीतरी बिनसलंय."

पुढे रॉबिन डनबार या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९६ साली एका ग्रंथात याहून धीट विचार मांडला. माकडे एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचीत बसतात. त्यातून त्यांची मैत्री टिकते. पण उवा एका वेळी एकाच्याच वेचता येतात. माणसांचे कळप मोठे झाले तेव्हा हे काम हातांनी पुरे होईना. ते जिभेने करता यावे म्हणून भाषा वाढली असावी, असा त्यांचा तर्क आहे. लोकांची साधी संभाषणे टिपून पाहिली, तर सुमारे दोनतृतीयांश वेळ माणसे माणसांविषयीच बोलत असतात, असेही त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. हा तर्क सर्व शास्त्रज्ञांना मान्य आहे असे नाही. पण आमच्या कट्ट्याला तो तात्काळ मान्य झाला. गार्डसाहेब म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं एकमेकांच्या उवाच काढतोय."

मराठी विनोदी वाङ्मयाचा जन्मही असाच कट्ट्यावर झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. त्यातले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे मित्र आहेत, आणि समाजातल्या साऱ्या रूढींची भंबेरी ते मित्रांसारखे गप्पा मारीतच उडवतात. शास्त्रार्थ करून जे हलले नसते ते हसून हलले. चिं. वि. जोशांच्या चिमणरावाला गुंड्याभाऊ लाभला नसता तर चिमणराव हा एक भिडस्त कारकून उरला असता. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही कवी मंडळी चहाभोवती जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. दिवाकरांच्या नाट्यछटेत तर एकच माणूस बोलतो, पण समोर कोणी तरी ऐकते आहे हे आपल्याला शब्दाशब्दाला जाणवते. ऐकणारा अदृश्य ठेवूनही त्याच्यावाचून लिहिता येत नाही, हे त्या चतुर लेखकाने ओळखले होते.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही पाराचे गोडवे गाता, पण पारावर बसावयास मिळत होते कोणाला? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन गप्पांविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाच्या पारावर साऱ्या गावाला जागा नव्हती. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या गप्पा वेशीबाहेर झाल्या, आणि पारावरच्या मोकळ्या हसण्यात पुष्कळदा त्यांचीच टवाळी होती. स्त्रियांना तर पारासमोरून डोकीवर पदर घेऊन झपझप जावे लागे. त्यांची बैठक पाणवठ्यावर, आणि पहाटे जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांपासून सुरू झालेला हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, नवऱ्याचा मार आहे, सासूचे टोमणे आहेत, आणि थट्टाही आहे. ज्या सुनेला साऱ्या घरात एक कान मिळाला नाही तिने जात्याला कान मानले. कान नसला तर माणूस दगडाशी बोलतो, पण बोलतो. गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. त्या पहाटेच्या बोलण्याला दुसरी जागा मात्र कोणी करून दिली नाही.

दुसरा आक्षेप रिकामटेकडेपणाचा. गप्पा मारून पोट भरत नाही, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ते सांगत असतानाही ती बहुधा कोणाच्या तरी ओट्यावरच बसलेली असतात. गप्पांना नासायला वेळ लागत नाही हे आम्हांला मान्य आहे. हजर माणसाची थट्टा ही गप्पा. गैरहजर माणसाची थट्टा निंदेकडे झुकते. आणि त्याचे हसत हसत घर फोडणे ही चहाडी. पण पारावरच्या चहाडीला एक वेसण होती. सांगणारा कोण ते सर्वांना दिसत होते. त्याची ख्याती गावाला ठाऊक होती. "हा सांगतोय ना? मग चारातलं तीन सोडून द्या," असे म्हणावयास कोणीतरी बसलेले असे.

आता काळाच्या तक्रारीकडे येऊ. प्रत्येक पिढीने नव्या यंत्राकडे बोट दाखवून गप्पांच्या नावाने सुतक धरले आहे. सिनेमा आला, लोक अंधारात गप्प बसू लागले. रेडिओ आला, पुण्यात आकाशवाणी केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी पुण्यात त्याची चित्रे दिसू लागली. दर वेळी गप्पा मेल्या असे जाहीर झाले. प्रत्यक्षात घडले निराळेच. यंत्राने गप्पांना चारा पुरवला. चित्रपट तीन तास चालला, पण त्यावरचे बोलणे तीन महिने. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला. त्यातल्या विनोदावर हसू यावे की लाज वाटावी, यावर घराघरांत तट पडले. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ सालचा. त्यातले संवाद पाठ नसलेला मराठी तरुण आजही शोधावा लागेल. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा आमच्या कट्ट्यावर प्रथम गाण्यांवर बोलणे झाले, मग नाचण्यावर, आणि मग शेवटच्या प्रसंगाचे नाव निघाले तसे बोलणे थांबले. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "असं आपल्या घरात झालं असतं तर आपण काय केलं असतं, खरं सांगा." त्या संध्याकाळी जातीविषयी जे उघड बोलणे झाले ते वीस वर्षांच्या मैत्रीत झालेले नव्हते. सभेत तो विषय निघता तर दोन भाषणे झाली असती आणि चार माणसे उठून गेली असती. सिनेमाचे निमित्त होते, शेजारी जुना मित्र होता, म्हणून प्रश्नही निघाला आणि कोणी उठूनही गेले नाही.

याचे कारण असे की या साऱ्या यंत्रांपुढे माणसे एकत्र बसत होती. एका टीव्हीपुढे अख्खी गल्ली, एका वर्तमानपत्रापुढे चावडी. एकजण मोठ्याने वाची, दहाजण ऐकत, आणि अकरावा म्हणे, "छापलंय म्हणून खरं कशावरून?" हातातल्या फोनने प्रथमच यंत्र प्रत्येकाला स्वतंत्र दिले. आम्ही फोनचे वैरी नाही. औशाच्या त्या तरुणाला वडिलांचा आवाज रोज ऐकू येतो तो फोनमुळेच. परदेशी गेलेली नात आमच्या मास्तरांना रोज सकाळी दर्शन देते. पण फोनवरच्या गटात एक गोष्ट फार सोपी झाली आहे. न पटणारा माणूस तिथे न भांडता दूर करता येतो, किंवा आपण गुपचूप बाहेर पडतो. पारावर ही सोय नव्हती. पटो न पटो, उद्या संध्याकाळी त्याच्याच मांडीला मांडी लावून बसावयाचे आहे, म्हणून माणूस जीभ आवरी आणि कान उघडे ठेवी. शिवाय सांगणारा कोण, त्याला कोणी सांगितले, हे फोनवर येणाऱ्या निरोपाला विचारता येत नाही. निरोपाला तोंड असते. त्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही.

याचा परिणाम किती दूर जातो, हे एका घटनेवरून सांगतो. सांगावयास जड जाते, पण सांगितले पाहिजे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप राज्यभर फोनाफोनांतून फिरत होते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे त्या बाजारात आली. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे त्यांचे पिढ्यानपिढ्यांचे जगणे. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले, आणि पाचही जणांना मारहाण करून ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

आम्ही या घटनेचा विचार करतो तेव्हा एकच प्रश्न मनात राहतो. डवरी गोसावी शतकानुशतके महाराष्ट्रात फिरत आले आहेत. गावात शिरताच त्यांना कोणीतरी "पाव्हणं, कुठलं गाव?" असे विचारी. ते गाव सांगत, गुरूचे नाव सांगत, मागल्या गावची हकीकत सांगत. या एका प्रश्नात चौकशी होती, पहारा होता आणि पाहुणचारही होता. त्या दिवशी बाजारात तोंडे शेकडो होती. त्या पाचांना बसवून त्यांच्या गावाचे नाव नीट ऐकून घेणारा एक कान पुढे आला असता, तर कदाचित ती माणसे संध्याकाळी आपल्या पालावर परतली असती. सगळा दोष फोनवर टाकून आपण सुटू शकत नाही. मारणारे हात समोरासमोर होते. गर्दी होती, पण बैठक नव्हती. माणसे जवळ उभी राहिली म्हणजे गप्पा होत नाहीत.

म्हणून गप्पांचा विषय आम्हांला करमणुकीपुरता वाटत नाही. आमची मांजरी झपाट्याने वाढते आहे. जिथे ऊस होता तिथे दहा-दहा मजली इमारती उभ्या आहेत. लातूर, नांदेड, यवतमाळ, बिहार, ओडिशा, कोठून कोठून माणसे आली आहेत. प्रत्येक इमारतीला भिंत आहे, फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे. तोही "कुठून आलात?" असे विचारतो, पण वहीत लिहिण्याकरिता. गाव शहरात गेले तेव्हा कागदोपत्री नळ, गटार, दिवे, रस्ते या सोयींचा विचार झाला, आणि तो व्हावयासच हवा. बसावयाच्या जागेचा रकाना कुठल्या कागदात असतो, हे आम्हांला अजून आढळलेले नाही. रस्ता रुंद करावयाचा झाला की पहिला बळी पाराचा जातो. पाराला मालक नसतो, म्हणून त्याची भरपाई मागावयासही कोणी जात नाही.

आमचे मागणे मोठे नाही. नवी वसाहत आखताना फाटकाच्या आत एक बाग करतात. फाटकाच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही टेकता येईल असा एक कट्टा बांधावा. एखादे झाड असेल तर ते राखून त्याभोवती चौथरा घालावा. त्यावर स्त्रियांनाही कोणाची नजर न चुकवता बसता आले पाहिजे; जुन्या पाराने जे केले नाही ते नव्याने करावे. ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, त्यांनी आपल्या बाकावरची एक जागा तरुणासाठी मोकळी ठेवावी. साऱ्या म्हाताऱ्यांनी एकत्र बसून दुखऱ्या गुडघ्यांची तुलना केली म्हणजे गप्पांचे औषध निम्मेच लागू पडते. आणि ज्यांना कट्टा बांधणे शक्य नाही त्यांनी निदान प्रश्न विचारावा. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला, टपरीला टेकून एकटाच चहा पिणाऱ्याला, भाजीवालीला, पहारेकऱ्याला. "गाव कुठलं?" हे दोन शब्द आहेत; त्यांना खर्च नाही. विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत थांबावे मात्र लागते. अवघड आहे ते तेवढेच.

वेळ झाला, याची खूण अध्यक्षमहाराजांनी केली आहे. पाऊण तास आम्ही बोललो आणि आपण गप्प बसलात, हा आपला मोठेपणा. आता आम्ही गप्प बसतो. आपल्या शेजारच्या खुर्चीवर जे गृहस्थ किंवा ज्या बाई बसल्या आहेत त्यांचे गाव कुठले, हे आपल्यापैकी अनेकांना अजून ठाऊक नसेल. फाटक उघडे आहे, आणि पुढे काना जोडावयाचे काम आपले आहे.